बावड्यातच हाय की!

परवा ऐन श्रावणात रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याच्या एसटीत बसलो. खिडकी मिळाली, बाहेर पाऊस होता आणि मांडीवर ढोलकी नव्हती. हात कुठं ठेवायचे हेच फुलेवाडी येईपर्यंत कळेना. शेवटी पुढच्या सीटच्या दांडीवर बोटं चालवायला लागलो तर पुढची बाई वळून म्हणाली, "दादा, डोकं दुखतंय वो." एवढ्या वर्षांत मिळालेली सगळ्यात प्रामाणिक दाद.

आम्ही चौघं होतो. मी, पेटीवाले आण्णा, आमचे मॅनेजर आणि कसब्या बावड्यातला एक दोस्त. दोस्त काही वाजवत नाही. तो आमचा श्रोता. श्रोता कसा झाला ते पुढं येईलच. आमचा ऑर्केस्ट्रा बंद पडून आता बरीच वर्षं झाली. मंडळांपुढं स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या आणि आमच्या सुपाऱ्या आटल्या. मॅनेजर मात्र दर पावसाळ्यात म्हणायचे, "त्या रस्त्यानं एकदा परत जाऊया की." ह्या वर्षी गेलो.

पूर्वी सुपारी कुठलीही असो, गाडी भरायची ती खासबागेत, केशवराव भोसले नाट्यगृहाच्या भिंतीकडेला. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर ते हेच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, तेव्हा आण्णा दोन दिवस घराबाहेर पडले नव्हते. तो विषय त्यांच्यापुढं काढायचा नाही असं आमचं न बोलता ठरलंय. बालिंग्याचा पूल आला, खाली नदी तांबडीलाल, आणि आण्णा फारच गप्प झाले म्हणून मी तंबोऱ्याचा विषय काढला.

आता मिरज दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक दवाखाने आणि दुसरी तंतुवाद्यं. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. एकदा आण्णांच्या घरातल्या तंबोऱ्याला गळ्यापाशी चीर गेली होती. मिरजेत ती सांधून घेऊन ते एसटीनं कोल्हापूरला निघाले. वाद्य प्रवासाला न्यायचं तर तारा सैल करायच्या आणि भोपळा जिवापलीकडं जपायचा. म्हणून आण्णांनी तंबोरा तिघांच्या सीटवर आडवा घातला, वरनं गोधडी पांघरली आणि भोपळा स्वतःच्या मांडीवर घेतला. लांबून बघणाऱ्याला काय दिसणार? म्हातारा माणूस आजारी बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसलाय.

कंडक्टर आला. आवाज खाली करून म्हणाला, "कोण हाय?"

आण्णा मोजून बोलणारे. "जनानी," म्हणाले. तंबोऱ्यात जनानी आणि मर्दानी असे दोन प्रकार असतात. हा जनानी होता, यात आण्णांचं काही चुकलं नाही.

"मिरजेस्नं आणलं?"

"व्हय. गळ्यात चीर गेलती. सांधून आणलंय."

"अरारा. बोलत्यात का आता?"

"न्हाई. तारा उतरवल्यात."

कंडक्टर काही न बोलता पुढं गेला. जयसिंगपूरला चढलेली एक आजी समोर बसून डोळ्याला पदर लावत होती. आण्णांना वाटलं, बाईला गाण्याची जाण दिसते. हातकणंगल्याच्या अलीकडं गतिरोधकावर गाडी आपटली, गोधडीतनं 'टंऽग' असा आवाज आला आणि आजी किंचाळत ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत गेली. पुढं सगळा उलगडा झाला, कंडक्टरनं हसत हसत लगेजचं तिकीट फाडलं. आण्णा अजूनही म्हणतात, "मी काय खोटं बोललो व्हय?"

असे किस्से शंभर असतील. फोंडा घाटात ड्रायव्हर मामांनी "चाकामागं कायतरी लावा लवकर" म्हणताच आमच्या नव्या पोरानं दगड शोधायचं सोडून माझ्या ढोलकीची पेटी लावली होती. पेटीचा पापड झाला. ढोलकी बरी की तेव्हा माझ्या मांडीवर होती. एकदा ड्रेसची बॅग एका लग्नाच्या बँडवाल्यांबरोबर बदलली. आम्ही लाल झगमगीत कोट आणि झुबके लावलेल्या टोप्या घालून विरहगीतं वाजवली. पण ह्या सगळ्यांचा बाप एकच, बावडा.

बाहेरच्या वाचकाला सांगायला पाहिजे की आमच्याकडं बावडा म्हणजे एक गाव नव्हे. कसबा बावडा कोल्हापूर शहरातच आहे. शाहू महाराजांचा जन्म तिथल्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला. गगनबावडा तिथनं पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर. आणि घाट उतरलं की भुईबावडा, तो सिंधुदुर्गात. गंमत अशी की तिन्ही ठिकाणची माणसं आपापल्या गावाला नुसतं 'बावडा' म्हणतात. आणि आमचे मॅनेजर मूळचे गगनबावडा तालुक्यातल्या साळवणचे. साळवणच्या माणसाचा बावडा म्हणजे वरचा, तालुक्याचा.

२००६ चा गणेशोत्सव. फोन आला, "बावड्याला कार्यक्रम हाय, सातला सुरू करायचा, टायमात या." मॅनेजरनी पैसे ठरवले, तारीख लिहून घेतली. कुठला बावडा, हे त्यांनी विचारलं नाही. समोरच्यानंही सांगितलं नाही. आपल्या गावाचं नाव काय कुणी फोड करून सांगतं?

दुपारी तीनला भाड्याच्या मिनीबसमधून निघालो. कळ्यात चहा, साळवणात मॅनेजरच्या बहिणीकडं भजी. आमची गायिका ताई आणि मॅनेजर ह्यांचं भाड्यावरनं भांडण, ते नेहमीचं. सहाला वर पोचलो तर धुकं असं की मामांनी काच खाली करून मान बाहेर काढली तरी रस्त्याची कड दिसेना. मंडप नाही, माळा नाहीत, कर्ण्याचा आवाज नाही. एका टपरीवाल्याला विचारलं, "ऑर्केस्ट्रा कुठं ठेवलाय हो?" तो म्हणाला, "कोण ठेवणार? बघणार कसं?"

मोबाईल एकच, मॅनेजरचा, आणि त्याला रेंज नाही. टपरीला रुपयाच्या नाण्याचा लाल डबा होता. खिसे उलटे करून तीन नाणी निघाली. मॅनेजरनी मंडळाचा नंबर फिरवला. आम्ही सगळे छत्र्या घेऊन भोवती.

"कुठं हायसा?" पलीकडनं.

"बावड्यात पोचलोय."

"आम्ही बी बावड्यातच हाय की. मग दिसत का न्हाईसा?"

"धुकं किती हाय! दिसणार कसं?"

"धुकं? अवो, हितं ऊन पडलंय!" आणि पहिला रुपया संपला.

दुसऱ्या रुपयात 'भगवा चौक' हे शब्द आले आणि मॅनेजरचा चेहरा पडला. भगवा चौक कसब्या बावड्यात. ताईंचं माहेर तिथनं दोन गल्ल्या सोडून! दुपारी त्या तिथनंच रिक्षा करून खासबागेत आल्या होत्या. तिसऱ्या रुपयात मॅनेजर एवढंच म्हणाले, "आलोच." पंचावन्न किलोमीटरवरनं 'आलोच' म्हणायला छाती लागते.

परतीचा प्रवास मी कधी विसरणार नाही, पण भीतीनं नव्हे. धुक्यात ढोलकीचं कातडं पाणी पिऊन पार उतरलं होतं. शाईच्या, म्हणजे काळ्या टिक्क्याच्या बाजूला टिचकी मारली तर 'ता' च्या जागी 'थप्' वाजायचं, ओल्या सतरंजीवर हात मारल्यासारखं. मामांनी इंजिनाच्या बोनेटवरचा आपला डबा उचलला आणि म्हणाले, "हितं ठेव." मग मी पुढं बसून ढोलकी त्या गरम पत्र्यावर फिरवत राहिलो. अर्धा मिनिट शाईची बाजू, अर्धा मिनिट धुमाची, म्हणजे खर्जाची. जास्त वेळ ठेवली तर कातडं फाटायचं. मांडुकली गाव आलं तेव्हा टिचकी मारली, नुसती थप्पच. साळवणात जरा कण्हली. कळ्यात आण्णांनी मागच्या सीटवर पेटी काढून सूर दिला आणि बालिंग्याच्या पुलावर ती सुरात लागली. आण्णा मागनं ओरडले, "बास, आता काढ!" तेवढ्यात मामांनी ट्रकला ओव्हरटेक केलं. मी आधी ढोलकी सांभाळली. कसब्या बावड्यात पोचेपर्यंत ती चांगली अर्धी पट्टी वर चढली होती. ताई त्या रात्री शिव्या देत वरच्या पट्टीत गायल्या आणि काय गायल्या!

पोचलो नऊला. दहाला स्पीकर बंद करायला पोलीस येणार. दोन तास मंडळाच्या पोरांनी लोकांना कसंबसं धरून ठेवलं होतं. लेझीम झालं, लहान मुलांचे नाच झाले, एका पैलवानानं जोर काढून दाखवले, लोकांनी ते मोजले. आम्ही पंचावन्न मिनिटं न थांबता वाजवलं. निवेदन नाही, सत्कार नाही. लोक नंतर म्हणाले, असा कार्यक्रम झाला नाही. अर्थात, भाषणं गाळली तर कुठलाही कार्यक्रम चांगलाच होतो. मंडळानं पैसे निम्मेच दिले, पण जेवायला तांबडा-पांढरा नको म्हणेपर्यंत वाढला. गणपतीत मटण कसं, असं विचारू नका. मंडपापासून लांब, एकाच्या मळ्यात.

मळ्यात वाढणारं ते पोरगं म्हणजेच आमचा हा दोस्त. त्यानंतर आमचा एकही कार्यक्रम त्यानं चुकवला नाही. कार्यक्रम कुठंही असला तरी आदल्या दिवशी मॅनेजरला त्याचा फोन यायचा, "गाव कुठलं? तालुका? जिल्हा?" परवा गगनबावड्यात टपरीवर चहा पिताना तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "मॅनेजर, एक सांगायचं राहिलंय. त्या येळंला सुपारीचा फोन मीच केलता."

मॅनेजरनी कप खाली ठेवला. एकोणीस वर्षं निम्म्या पैशाचं पाप आम्ही त्यांच्या माथी मारत होतो. ते काही बोलले नाहीत. चहाचे पैसे मात्र त्यांनी दोस्ताला द्यायला लावले, आणि वर दोन प्लेट भजी मागवली.

धुकं तसंच होतं. त्यातनंच परतीची एसटी दिवे लावून पुढ्यात येऊन उभी राहिली. चढलो, बसलो. कंडक्टर आला तेव्हा दोस्त खिडकीशी पेंगत होता. डोळे न उघडता म्हणाला, "एक बावडा."

कंडक्टरनं बाहेर बघितलं, त्याच्याकडं बघितलं.

"बावड्यातच हाय की! उतरा."