तुम्ही विचारलंत म्हणून: वापरलेले कापडी डायपर विकावेत का?

प्रश्न एकच असतो, विचारण्याची तऱ्हा तेवढी बदलते. कुणी नाक मुरडून विचारतं, "वापरलेले डायपर विकता? आणि लोक घेतात?" कुणी काळजीने विचारतं, "दुसऱ्या बाळाचे घेतले तर चालतील ना हो?" आणि ज्यांच्या कानावर मागची हकिकत गेली आहे ते सरळ विचारतात, "एवढं होऊनही तुम्ही लोकांना विका म्हणून सांगता?" आजवर मी या तिघांना तीन निरनिराळी उत्तरं देऊन वेळ मारून नेली. आज एकदाच काय ते लिहून टाकतो.

कापडी डायपर का वापरायचे, यात शिरत नाही. ते तुमचं ठरलेलं आहे, म्हणून तर विचारताय. आमच्याकडे थोरलीचे आणि नंतर धाकट्याचे, दोघांचेही डायपर धुण्याचं काम माझ्याकडे होतं. जे सांगतोय ते त्या बादलीजवळ शिकलेलं आहे.

नाक मुरडणाऱ्यांना आधी उत्तर देतो, कारण तिथे मला अजिबात संकोच वाटत नाही. पहिल्या बाळाचे डायपर आपण दुसऱ्याला बांधतो तेव्हा कुणाला शिसारी येत नाही. मग शेजारच्या बाळाचे बांधताना का यावी? कापडात मागचं काही उरलं आहे की नाही एवढंच बघायचं असतं. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने 2008 साली डायपरचा अडीच वर्षांचा हिशेब मांडला होता. फेकून द्यायच्या डायपरचा कार्बनचा भार सुमारे 550 किलो निघाला आणि कापडीचा सरासरी 570, म्हणजे कापडीचा थोडा जास्तच. मी तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फसवल्यासारखं झालं होतं. पण त्याच अभ्यासात पुढे होतं की मशीन पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडीचा भार साधारण 40 टक्क्यांनी उतरतो. दुसरं बाळ त्या हिशेबात धरलेलंच आहे. ते आपल्याच घरात जन्माला यायला हवं असं थोडंच आहे?

आता ती हकिकत.

थोरलीचे डायपर सुटले तेव्हा दुसऱ्या मुलाचा विचार नव्हता. 18 पॉकेट डायपर, म्हणजे आत खिसा असलेली कव्हर, आणि त्या खिशात घालायच्या शोषक घड्या, म्हणजे इन्सर्ट, 30 होते. मी ते धुतले, उन्हात कडक वाळवले, नाकाशी धरून पाहिले. काहीही वास नव्हता. डाग जवळजवळ नव्हते, इलॅस्टिक ठणठणीत होतं. "अगदी नव्यासारखे आहेत" असं लिहून मी ते एका ताईंना विकले. त्यांचं बाळ पाच महिन्यांचं होतं.

पाचव्या दिवशी त्यांचा निरोप आला. "दादा, एक विचारू का? बाळाच्या मांड्या लाल झाल्यात."

मी लगेच उलट प्रश्न विचारले. धुताना सॉफ्टनर घालता का? पुरळावर क्रीम लावून वर थेट डायपर बांधता का? इन्सर्ट पॉकेटच्या बाहेर काढून धुता ना? दर दोन-तीन तासांनी बदलता ना? प्रश्न खोटे नव्हते. सॉफ्टनरचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं. झिंकच्या क्रीमचंही तेच, म्हणून मध्ये पातळ कापड घालायचं असतं. इन्सर्टचा मायक्रोफायबर, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांचं कापड, कातडीला थेट लागला तर तो ओल ओढून कातडी कोरडी पाडतो. पण आज ते प्रश्न वाचतो तेव्हा दिसतं की चारही प्रश्न त्यांची चूक शोधणारे होते. माझ्या बादलीकडे बोट दाखवणारा त्यात एकही नव्हता.

त्यांनी चारही उत्तरं शांतपणे दिली. सगळं बरोबर करत होत्या. मग मी म्हटलं, "ताई, तुमचं पाणी जड असेल."

त्यावर त्यांनी लिहिलं, "कोरडे असताना काहीच वास येत नाही. बाळाने शू केली की पाच मिनिटांत डोळ्यांना झोंबतं. तुमच्याकडेही असं व्हायचं का?"

मी लिहिलं, "नाही."

हे एका शब्दाचं उत्तर द्यायला मला क्षणभरही लागला नाही. तेव्हा मी खोटं बोलतोय असंही मला वाटलं नव्हतं, आणि हीच गोष्ट मला अजून सोडत नाही.

दोन दिवसांनी बाळाला डॉक्टरांकडे न्यावं लागलं. कातडी सोलवटली होती. डायपर ताबडतोब बंद करायला सांगितलं. ताईंनी भांडण केलं नाही. सगळे डायपर परत पाठवले, धुऊन, वाळवून, प्रत्येक पॉकेटमध्ये त्याचा इन्सर्ट नीट घडी करून. मी ते पुडकं उघडून बराच वेळ नुसता बसलो होतो. ज्या डायपरने बाळाची कातडी गेली ते इतक्या निगुतीने कुणी परत करतं?

मग मी एक इन्सर्ट न्हाणीघरात नेला आणि त्यावर तांब्याभर गरम पाणी ओतलं. भपका आला. डोळ्यांत पाणी यावं असा, अमोनियाचा. आणि तो वास माझ्या ओळखीचा होता. थोरलीचा रात्रीचा डायपर सकाळी सोडताना रोज हाच वास यायचा. माझी बायको एकदा म्हणालीही होती, "हे जास्तच झोंबतंय रे." मी म्हणालो होतो, "रात्रभराची शू आहे, वास येणारच." थोरलीला फारसा त्रास झाला नाही, कारण तोवर ती मोठी झाली होती आणि दिवसा बहुतेक वेळ मोकळीच असायची. पाच महिन्यांचं बाळ चोवीस तास त्या कापडात होतं.

झालं होतं ते असं. शूमधल्या युरियाचा अमोनिया जिवाणू करतात. कापड प्रत्येक वेळी खोलवर धुतलं गेलं तर जिवाणूंना तिथे घर करता येत नाही. मी मात्र पहिल्या दिवसापासून डिटर्जंट निम्मं घालत होतो. कमी साबण म्हणजे बाळाला कमी त्रास, असं मला मनापासून वाटायचं, आणि तसा सल्ला सर्रास दिलाही जायचा. त्यात आमचं पाणी जड. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला बांधून टाकतात, म्हणजे निम्म्यातलाही निम्मा साबण वाया. उरलेल्याचा चिकट थर धाग्यांवर, त्या थरात शूचा अंश, त्यावर जिवाणू. कोरडं असताना सगळं गप्प, ओल आणि ऊब मिळाली की जागं. अमोनियामुळे कातडीवरचा अल्कधर्मीपणा (आम्लाच्या उलट गुण) वाढतो आणि त्यात शीमधली पाचक द्रव्यं जास्त जोमाने कातडी खातात. ताईंचं पाणी जड असेल म्हणालो होतो. जड पाणी माझंच होतं.

मी पैसे परत केले आणि लिहिलं, "तुम्ही विचारलं होतं तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं. आमच्याकडेही व्हायचं." त्यांचं उत्तर आलं, "बाळ आता बरं आहे." त्यापुढे काही नाही. त्यापुढे काही लिहायला मीही धजलो नाही.

त्या इन्सर्टमधला तो थर मग मी काढायला घेतला. मोठ्या टबात कढत पाणी, त्यात टाकणखार, धुण्याचा सोडा आणि डिटर्जंट, आणि पाणी पूर्ण निवेपर्यंत, चार-पाच तास, भिजत. फक्त इन्सर्ट, कव्हर असं कढत पाण्यात घालायचं नाही, त्याचा पीयूएलचा, म्हणजे ओल बाहेर न जाऊ देणारा प्लास्टिकसारखा, थर सुटतो आणि इलॅस्टिक मरतं. तासाभरातच पाणी राखाडी झालं आणि वर तवंग धरला. ज्या कापडाला मी "नव्यासारखं" म्हटलं होतं त्यातून ते निघालं होतं. नंतर दोनदा नुसत्या डिटर्जंटने धुतले, मग स्वच्छ पाण्यात खळबळले, तेव्हा कुठे गरम पाण्याची परीक्षा पास झाली. ब्लीच वापरायचं तर ते या सगळ्यानंतर, नुसत्या पाण्यात, आणि नंतर भरपूर खळबळून. शूने भिजलेल्या कापडावर किंवा व्हिनेगरबरोबर ब्लीच कधीही घालू नका, विषारी वायू होतो. अमोनियाचा वास येतोय म्हणून घाईने ब्लीच ओतणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून बजावून सांगतो.

धाकट्याच्या वेळी मी धुणं बदललं. घाण डायपर पाण्यात बुडवून झाकून ठेवायचे नाहीत, हवा लागेल अशा टोपलीत किंवा पिशवीत कोरडेच. दोन दिवसांत धुवायचे, तिसऱ्यावर ढकलायचे नाहीत. आधी एक छोटं धुणं, त्यात शू निघून जाते. मग खरं धुणं, 60 अंशांच्या आसपास, मळक्या कपड्यांना लागेल तितकं पुरतं डिटर्जंट घालून, आणि पाणी जड असेल तर सोबत धुण्याचा सोडा. बाळ नुसतं आईच्या दुधावर आहे तोवर शी पाण्यात विरघळते. वरचं खाऊ लागलं की आधी संडासात झटकायची. डागांसाठी ओलं कापड उन्हात घाला, बहुतेक डाग ऊनच नेतं. गळतीबद्दल मला सतत विचारलं जातं. बहुधा मांडीचं इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसलेलं नसतं, नाहीतर एकटा मायक्रोफायबर असतो. तो पटकन पितो, पण बाळ वर बसलं की पिळल्यासारखं ओकतो. त्याच्याखाली हेम्पचा (भांगेच्या झाडाच्या धाग्याचा) किंवा सुती थर हवा, तो सावकाश पितो पण धरून ठेवतो.

विकणार असाल किंवा घेणार असाल, तर इलॅस्टिक ओढून सोडा. करकरलं किंवा सैलच राहिलं तर ते संपलं. शिवण उसवून बदलता येतं, पण घेणाऱ्याला आधी सांगा. कव्हर उजेडापुढे धरा, बारीक छिद्रं आणि सुटलेला फुगीर थर तिथे दिसतो. टिचबटणं एकेक लावून काढून बघा. वेल्क्रो बहुधा बाकी सगळ्याच्या आधी जातो. डागाला घाबरू नका, डागाने कातडी जात नाही. सुती आणि हेम्पचे जुने इन्सर्ट तर नव्यापेक्षा बरे, कारण नवं कापड पाच-सात धुण्यांशिवाय पुरतं शोषतच नाही. आणि इन्सर्टवर गरम पाणी ओता, पाच मिनिटं थांबा, मग वास घ्या. हे विकणाऱ्याने करायचं. माझ्यासारखं घेणाऱ्याच्या बाळावर सोडायचं नाही. बाळाला बुरशीचा पुरळ कधी झाला होता का, पाणी कसं होतं, डिटर्जंट किती घातलं, हे न विचारता सांगा.

इतकं लिहून झाल्यावर वाटतं, त्या वेळचा मी हे वाचून काय म्हणाला असता? म्हणाला असता, "मी फसवायला निघालो नव्हतो. वास घेऊनच दिले होते." ते खरं आहे. आणि रोज सकाळी डोळ्यांना झोंबत होतं, हेही खरं आहे. ते कळलं होतं की नव्हतं, यावर मी स्वतःशी कित्येकदा भांडलो. कधी तो जिंकतो, कधी मी.

गेल्या महिन्यात धाकट्याचे डायपर एकींनी मागितले. कव्हर पाठवली, त्यांचं इलॅस्टिक, बटणं, सगळं लिहून दिलं. त्यांनी विचारलं, "आणि इन्सर्ट? ते खराब झालेत का?" खराब झालेले नाहीत. 24 च्या 24 मी गरम पाण्याने भिजवून पाहिले, बायकोच्याही नाकाशी धरले. काहीही वास नाही. दुसऱ्या कुणी मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, बेलाशक विका. ते अजून कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत.