वहीत नसलेलं नाव

वेठबिगारांच्या सुटकेच्या वेळी जबाब लिहायचं काम माझ्याकडे असतं. त्या दुपारी वीटभट्टीवर पहिल्याच माणसाने माझं पेन थांबवलं. "आमाला कोनी डांबून नाय ठेवलं, ताई. उचल फिटली का जाऊ."

ठाणे-पालघर-रायगडच्या कातकरी वाड्यांमध्ये हे नवीन नाही. पावसाळ्यात हाताला काम नसतं, नेमका तेव्हाच मुकादम दारात येतो. घरात आजारपण असतं, लग्न असतं, कधी नुसतंच पोट. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भट्टीवर. पळवून नेण्याची गरजच पडत नाही.

"स्वखुशीने आलेत ना?" नायब तहसीलदारांनी विचारलं. मानवी व्यापाराच्या गुन्ह्यात पीडिताची संमती धरतच नाहीत; जुन्या दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये नव्हती, आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्येही नाही. आणि असलं कर्ज तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानेच रद्द झालंय. मी सांगितलं. साहेब मान हलवत राहिले.

मग वही आली. डावीकडे पाडलेल्या विटांची हजारी, उजवीकडे आठवड्याची खर्ची. अवकाळी पावसात भिजलेल्या विटाही मजुराच्याच खात्यातून कापलेल्या. प्रत्येक पानाच्या तळाशी 'बाकी', आणि ती हंगामाच्या सुरुवातीपेक्षा वाढलेली! वर एकच नाव, नवऱ्याचं. बायको पहाटे तीनपासून चिखल मळत होती, बारा वर्षांची मुलगी विटा पालटत होती.

"तुमची मजुरी?" मी तिला विचारलं.

"त्याच्यातच धरतात."

साहेबांना कुटुंबाला मिळून एकच मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद, द्यायचं होतं. इथे मात्र मी अडून बसले. केंद्र सरकारच्या वेठबिगार पुनर्वसन योजनेत पुरुषाला १ लाख, बाईला आणि मुलांना २ लाख. म्हणजे वहीत ज्यांचं नावच नाही, त्यांचा हक्क दुप्पट. (मोठी रक्कम खटल्याच्या निकालाला बांधली आहे, हे मला आजही पटत नाही.) तासभर वाद झाला, आणि तीन कागद तयार झाले.

तिचा अंगठा उठेना. मातीने रेषा झिजलेल्या. दुसऱ्या हाताचा कसाबसा अर्धा उठला. साहेबांनी शेजारी नवऱ्याचं नाव लिहून पुढे 'ची पत्नी' लिहायला घेतलं.

"नाव लिहा," मी म्हटलं.

ते त्यांना तिला विचारावं लागलं.