गळाला लागला तो रेंदा

2007 च्या जानेवारीत आम्ही तैवानच्या दक्षिणेला दोन दिवस नुसता गळ ओढत होतो. मी केबल दुरुस्त करणाऱ्या जहाजावर थर्ड ऑफिसर. आमचा गळ म्हणजे ग्रॅपनेल, लोखंडी काट्यांचं धूड. पाणी चार हजार मीटर खोल, त्यामुळे गळ तळाला टेकेपर्यंत जेवण उरकून यावं. वर ईशान्येचा वारा, जहाज डोलतंय, आणि खाली शोधायची वस्तू काय, तर अंगठ्याएवढी जाड केबल.

26 डिसेंबरला रात्री हेंगचुनजवळ 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि आठेक मिनिटांनी जवळपास तेवढाच दुसरा. केबल तुटल्या, अर्ध्या आशियाचं इंटरनेट रांगायला लागलं. नकाशावर आमची केबल जिथे होती तिथून आम्ही चार वेळा आडवे गेलो. केबल अडकली की गळाच्या दोरावरचा ताण दाखवणारा काटा सावकाश, एकसारखा चढत जातो. इथे तो जडपणे चढायचा आणि मग सुटायचा. फिलिपिनो बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, एवढंच म्हणाला, "सर, मड."

गळ वर आला तो करड्या चिखलानं लिंपलेला. आमच्या कोकणातल्या खाडीतला रेंदा काळा आणि वासाचा. हा थंडगार, पिठासारखा मऊ, पण बोटांत चोळला की बारीक वाळू कचकचायची. किनाऱ्यापासून एवढ्या लांब, एवढ्या खोल ही वाळू आली कुठून?

उत्तर खरं तर जहाजावरच्या टेस्ट रूमच्या, म्हणजे केबल तपासायच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं. कुठली केबल किती वाजता बंद पडली त्याची यादी. आल्यापासून रोज बघत होतो, जागा शोधण्यापुरती. त्या रात्री वॉच संपल्यावर सगळ्या वेळा चार्टवर पेन्सिलीनं मांडल्या. माझी समजूत अशी की धक्का बसला आणि सगळ्या फटाफट तुटल्या. तसं नव्हतं. गाओपिंग नदीच्या मुखाजवळून समुद्राखाली एक घळ सुरू होते आणि वळणं घेत मनिला ट्रेंच या समुद्रतळातल्या खोल खंदकाकडे उतरते. जितकी केबल खोल, तितकी ती उशिरा गेलेली. काही तर काही तासांनी, जमीन केव्हाच शांत झाल्यावर. म्हणजे उतारावरचा गाळ सुटला, पाण्यात मिसळून लोंढा झाला आणि घळीतून पळत सुटला. दोन वेळांमधलं अंतर मोजलं की त्याचा वेग निघतो.

चीफला दाखवलं तर तो हसला. म्हणाला, ही जुनी गोष्ट आहे. 1929 मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या भूकंपानंतर अटलांटिकमधल्या तारायंत्राच्या केबल अशाच ओळीनं तुटल्या. शेवटची 13 तास 17 मिनिटांनी. त्याचा उलगडा 1952 मध्ये हीझन आणि यूइंग यांनी याच तुटण्याच्या वेळांवरून केला. माझा शोध चहाबरोबर संपला.

तिसऱ्या दिवशी केबलचं टोक मिळालं, चार्टवरच्या रेषेपासून बरंच लांब. वरचं काळं प्लॅस्टिक सोलवटलेलं, आतल्या पोलादी तारा खराट्यासारख्या पिंजारलेल्या. केबलचे सांधे जोडणारा जॉइंटर हातमोजा घालून त्यातला चिखल काढत बसला होता. मी थोडा जॅमच्या बाटलीत भरून घेतला, पाणी घालून हलवला. वाळू लगेच खाली बसली. वरचं पाणी मात्र जहाज डोलत होतं तोवर गढूळच. तैवानच्या काओशुंग बंदरात धक्क्याला लागल्यावर कुठे निवळलं.

2009 च्या ऑगस्टमध्ये मी सुट्टीवर रत्नागिरीत होतो. मोराकोट वादळानं तैवानच्या डोंगरात तीन-चार दिवसांत जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस ओतला, म्हणजे आमचा अख्खा पावसाळा. त्याच घळीत पुन्हा केबल गेल्या. काही पूर जोरात असताना, बाकीच्या दोन-तीन दिवसांनी, पूर ओसरताना. नदीनं घळीच्या तोंडाशी आणून टाकलेला गाळ मागाहून घसरला. जहाजावरून फोन आला.

आईनं विचारलं, "परत भूकंप काय रे?"

"नाही, पाऊस."

"पावसानं समुद्राच्या तळातली तार तुटते?"

पडवीतून आमचा वहाळ दिसतो. तांबडा होऊन, दगड गडगडवत चालला होता. मी नुसतं तिकडे बोट दाखवलं.

"हां," म्हणाली, आणि कपडे आत घ्यायला उठली.