तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांचा डावा हात

बाबा जाऊन आता वर्ष होत आलं, आणि अजूनही घरी येणारं माणूस फिरून फिरून तेच विचारतं. स्टील प्लांटमधली शिफ्टची नोकरी, त्यात गोल्फचं एवढं वेड, मग तुम्हा मुलांच्या वाट्याला बाबा आले तरी कधी? विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. पुण्यात गोल्फ म्हटलं की गाडीवाले पैसेवाले लोक डोळ्यासमोर येतात आणि वर्ध्याच्या मास्तरांच्या मुलाने हे कुठून शिकलं असंही वाटतं. प्रत्येकाला दोन वाक्यांत सांगते पण ते पुरत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

आमचं बालपण जमशेदपूरला गेलं. बाबा नागपूरच्या व्हीआरसीई या इंजिनियरिंग कॉलेजचे मेटलर्जीवाले, म्हणजे धातुशास्त्र शिकलेले, १९७१ साली टिस्कोत, म्हणजे टाटांच्या पोलाद कारखान्यात लागले आणि पुढची सगळी नोकरी तिथेच केली. कंपनीने वसवलेलं गाव ते. कदमा भागात आमचं क्वार्टर, शेजारी बंगाली, समोर तेलुगू, मागे पंजाबी, आणि गावात दोन गोल्फ कोर्स, बेल्डी आणि गोलमुरी. तिथे ज्युनियर इंजिनियरसुद्धा शिफ्ट संपवून गोल्फ खेळायला जायचे, जसे आपल्याकडे लोक संध्याकाळी बॅडमिंटनला जातात तसे. बाबांनी रिटायर होणाऱ्या एका सिनियरकडून कॅनव्हासची बॅग आणि पाच जुन्या स्टिक घेतल्या आणि त्या पाचांवर कितीतरी वर्षं काढली.

आधी नोकरीचं सांगते, कारण ते समजल्याशिवाय बाबा समजत नाहीत. ते पोलाद बनवायच्या खात्यात होते. सुरुवातीला जुन्या ओपन हार्थ भट्ट्या, एक हीट, म्हणजे पोलादाचा एक घाणा, निघायला कित्येक तास. मग १९८३ मध्ये एलडी शॉप, म्हणजे नव्या पद्धतीने पोलाद बनवायचं खातं, सुरू झालं आणि बाबा अक्षरशः नव्याने नोकरीला लागल्यासारखे झाले. एलडी म्हणजे ऑस्ट्रियातल्या लिंझ आणि डोनाविट्झ या दोन गावांची आद्याक्षरं, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. वितळलेल्या लोखंडात वरून एक लांब नळी सोडायची, तिच्यातून शुद्ध ऑक्सिजन प्रचंड वेगाने मारायचा, तो लोखंडातला कार्बन जाळतो आणि पंधरा-वीस मिनिटांत पोलाद तयार, तेही १६०० अंशांच्या वर तापलेलं. बाबा म्हणायचे की भट्टीच्या तोंडावरची ज्वाळा बघत राहायची, कार्बन संपत आला की ती खाली बसते, मीटर काही म्हणोत, ज्वाळा खोटं बोलत नाही. आणि आत फेस फुगून वर यायला लागला तर वेळीच आवरायचं, नाहीतर दूध उतू जातं तसं सगळं बाहेर. त्यामुळे घरी दूध तापवायचं काम बाबांचं. सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, करून सकाळी साडेसहाला यायचे, डोळे लाल, शर्टला तो भाजलेला वास, आणि आंघोळीच्या आधी दुधापाशी उभे राहायचे. तेवढ्या वेळात मी आणि माझा धाकटा भाऊ ओट्याला टेकून त्यांना शाळेचं सगळं सांगायचो. मग आम्हाला सायकलवर शाळेत सोडून ते झोपायचे.

आता गोल्फ. तेव्हा तिथे ग्रीन नव्हते, ब्राउन होते, म्हणजे होलभोवती गवताच्या जागी तेल मारलेली वाळू. माणसं चालून त्या वाळूवर पावलं उमटतात, म्हणून पटिंगच्या, म्हणजे बॉल हलकेच होलमध्ये ढकलायच्या, आधी दांडा लावलेल्या फळीने बॉलपासून होलपर्यंत एक पट्टा सपाट करून घ्यायचा. ते काम आमचं. रविवारी सकाळी बाबा आम्हा दोघांना घेऊन जायचे, आई डब्यात पोळीचे लाडू द्यायची, आणि मी त्या फळीने पट्टा ओढायचे तेव्हा बाबा मागे उभे राहून माझा पट्टा बघायचे, वाकडा गेला तर म्हणायचे, "बाळा, पुन्हा एकदा." माझ्या फ्रॉकच्या काठाला ते काळं तेल लागायचं ते शेवटपर्यंत निघालं नाही. चालताना काय काय बोलायचो, पालीला घाबरणं इथपासून देव आहे का इथपर्यंत. बॉल मारून झाला की पुढच्या बॉलपर्यंत चालत जायचं असतं, आणि त्या चालण्यात मला माझे बाबा मिळाले, हे मी अगदी मनापासून सांगते. मैत्रिणींचे वडील संध्याकाळी सहाला घरी यायचे पण पेपरच्या मागे बसायचे.

एक दिवाळी मात्र मनाला लागली होती. लक्ष्मीपूजनाला बाबांची सी शिफ्ट आली. भट्टी सणाला बंद होत नाही हे माहीत असूनही मी रुसले, जाताना बोललेसुद्धा नाही. जमशेदपूरला रात्री स्लॅग, म्हणजे भट्टीतला वितळलेला मळ, ओतायचे तेव्हा सगळं आकाश नारिंगी होऊन जायचं, गावात कुठूनही दिसायचं, दोन-तीन मिनिटं आणि मग हळूहळू विझायचं. बाबा दारात चपला घालताना म्हणाले, "आकाश लाल झालं की गच्चीवर ये, मी पण तेच बघत असेन." मी साडेअकरापर्यंत जागी राहिले. आईने अंगावर शाल टाकली. आकाश लाल झालं.

तर वेळेचं. त्याचा पुरावाच आहे माझ्याकडे. नागपूरचा मामा दरवर्षी पोस्टाने कालनिर्णय पाठवायचा आणि ते स्वयंपाकघराच्या दारामागे लागायचं. आईचा दुधाचा हिशेब त्यावरच, आणि महिना लागला की बाबा बसून लाल पेनने प्रत्येक चौकटीत त्या दिवसाची शिफ्ट, ए, बी की सी, लिहायचे. मग आम्हाला बोलवायचे, बोला. भावाची मॅच, माझं गॅदरिंग, आईचा हळदीकुंकवाचा दिवस (त्या दिवशी मुलांना घेऊन बाहेर जायचं काम त्यांचं), ३ मार्चची जुबिली पार्कातली रोषणाई, हे सगळं निळ्याने लिहून व्हायचं. गोल्फचा बारीकसा गोल सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत. ती कॅलेंडरं बाबांनी टाकली नव्हती, कपाटावर गुंडाळी करून ठेवलेली सापडली, तेवीस आहेत. जानेवारी १९८९ मध्ये चार गोल आहेत. माझ्या दहावीच्या मार्चमध्ये एकही नाही.

त्यांचा खेळ काही फार मोठा नव्हता, हँडीकॅप (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला) चौदाच्या खाली कधी आला नाही, पण बाबांचा डावा हात गोरा होता. गोल्फचा ग्लोव्ह एकाच हातात घालतात, उजव्याने खेळणारा डाव्या हातात. तिथलं ते ऊन, एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या वर जाणारं, वर्षानुवर्षं अंगावर घेतलेलं, त्यामुळे उजवा हात मनगटापर्यंत काळाकुट्ट, त्यावर भट्टीच्या ठिणग्यांचे पांढरे ठिपके, आणि डावा पंजा असा की दुसऱ्याच माणसाचा वाटावा. आई त्याला "माझा हात" म्हणायची. लग्नात धरला तेव्हा असाच होता, म्हणायची.

रिटायर झाल्यावर इकडे पुण्याला आले, माझ्याजवळ. सुरुवातीला जमेल तसं खेळले, मग गुडघे गेले, मग छातीचं सुरू झालं. तरी हॉलमध्ये सतरंजी पसरून, स्टीलचा पेला आडवा ठेवून माझ्या मुलाबरोबर पटिंग चालायचं. तोही बोलत राहायचा, काय काय ते मला माहीत नाही, मी स्वयंपाकघरातून ऐकायचा प्रयत्न करायचे पण पेल्यात बॉल गेल्याचा टण्ण आवाज तेवढा यायचा.

शेवटच्या दिवशी दुपारी आई त्यांच्या उशाशी बसली होती, त्यांचे दोन्ही हात मांडीवर घेऊन. बराच वेळ काही बोलली नाही. मग मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "बघ गं, दोन्ही सारखेच झाले."