नाणेघाटातली आठ माणसं

पावसाळ्यात नाणेघाटात जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, तो उलट्या धबधब्याचं सांगेल. मीही पहिल्या खेपेला तेवढंच पाहून आलो होतो. लेण्यात भिजलेल्या माणसांची दाटी, त्यांचे डबे, सॅका. भिंत दिसायची सोयच नव्हती. यंदा जानेवारीत मुद्दाम आडवारी गेलो. सोबत सातवीतली पुतणी.

मुरबाडकडून वैशाखऱ्याजवळच्या फाट्यावर उतरून रमतगमत चढायला तीन तास लागले. माथ्याच्या जरा अलीकडे लेणं लागतं. मागच्या भिंतीवर एकेकाळी आठ जणांचे पुतळे कोरलेले होते. सातवाहन राजघराण्याचा फॅमिली फोटोच म्हणा, इसवी सनापूर्वीचा.

"काका, राजे कुठायत?"

मी खाली बोट दाखवलं. काहींची पावलं तेवढी उरली आहेत. वरचं सगळं फुटून गेलंय.

पण पावलांवर थांबू नका, मान वर करा. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं आणि बरीचशी नावं अजून वाचता येतात: राया सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरी सातकनी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. एक नाव मात्र गेलंय. देवी नायनिका म्हणजेच आपली नागनिका, सातकनीची (सातकर्णीची) राणी.

ही नावं ब्राह्मी या जुन्या लिपीत आहेत, पण ती येत नसली तरी बिघडत नाही. 'क' म्हणजे चक्क बेरजेचं चिन्ह, 'र' म्हणजे उभी रेघ, 'ठ' म्हणजे वर्तुळ. एवढ्या भांडवलावर पुतणीने 'सिमुक'मधला शेवटचा 'क' पकडला, मग 'कुमारो'तला शेपटीवाला 'कु'. 'महारठि'तलं वर्तुळ तिला माझ्याआधी सापडलं. घरून अक्षरांचा तक्ता छापून न्या. वर मोबाइलच्या रेंजच्या भरवशावर राहू नका.

डावी-उजवीकडच्या भिंतींवर मोठा लेख आहे, प्राकृतातला. कुठल्या यज्ञात किती दक्षिणा दिली याचा हिशेब त्यात आहे: एके ठिकाणी बारा गायी आणि एक घोडा, दुसरीकडे १७०० गायी आणि १० हत्ती. बारा हा आकडा 'बारस' असा अक्षरांत लिहून पुढे अंकातही दिलाय, आपण चेकवर लिहितो तसा. साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ मध्ये हे लेणं उजेडात आणलं, पण ही चिन्हं आकडे आहेत हे ओळखलं पंडित भगवानलाल इंद्रजींनी. मला त्यांचंच कौतुक जास्त वाटतं.

फोटो काढताना फ्लॅश समोरून मारू नका. माझे पहिले वीस फोटो असेच वाया गेले, अक्षरं सपाट होऊन दगडात विरली. दोघं असाल तर एकाने टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने धरावी. खाचेत सावली पडते आणि ओळ उठून दिसते. अक्षरांवर पाणी किंवा खडू अजिबात नको, हातही फिरवू नका.

चढण झेपणार नसेल तर जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी थेट माथ्यावर जाते. तिथून दगडी रांजणाशेजारून दोन मिनिटं खाली उतरलं की लेणं. (रांजण जकातीची नाणी टाकायला होता असं म्हणतात.) वयस्कर मंडळींसाठी हाच रस्ता बरा. पाणी आणि खाणं सोबत ठेवा, आडवारी टपऱ्या उघड्या असतीलच असं नाही. शेजारचा जीवधन किल्ला त्याच दिवशी उरकायचा मोह टाळा, लेण्याला दोन तास तरी द्या.

जुन्नर-घाटघर एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. परतीची वेळ आधीच विचारून ठेवा. आम्ही विचारली नव्हती. 'हकुसिरी'च्या नादात शेवटची गाडी गेली आणि जुन्नर दुधाच्या टेम्पोत, किटल्यांच्या मधे बसून गाठलं.