बाईंचा बटणांचा डबा

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिहून दे म्हणून फोन आला, शाळेनं तुला काय दिलं ते लिही म्हणाले. आता शाळा म्हटलं की बाकीच्यांना मैदान, गॅदरिंग, पन्हाळ्याची सहल असं सगळं आठवत असेल, मलाही आठवतं, पण सगळ्यात आधी डोळ्यासमोर येतो तो एक पत्र्याचा डबा. बिस्किटांचा, गोल, झाकणावरचा रंग उडालेला, आणि आत कितीतरी वर्षांची साठलेली बटणं. आमच्या शिवणाच्या बाईंचा डबा तो.

शिवणवर्ग मागच्या व्हरांड्याच्या टोकाला होता, जिन्याच्या बाजूला, आता तिथं कॉम्प्युटर लॅबचं जुनं सामान ठेवलंय असं कळलं. चार पायमशीनी, एक लांब बाक, खिडकीला जाळी. वर्गात एखाद्या मुलीच्या पोटात दुखायला लागलं की सर लोक काही न विचारता तिला तिकडं पाठवायचे. बाई आधी बाकावर आडवं व्हायला सांगायच्या, जरा बरं वाटलं की डबा पुढं सरकवायच्या, यातली चार भोकांची पांढरी तेवढी वेगळी काढ म्हणायच्या. आणि स्वतः मशीन मारत मारत, मान वर न करता विचारायच्या, जेवलीस का? रात्री झोप झाली का? घरात काय चाललंय? नेहमी ह्याच क्रमानं. हातात बटणं असली की बोलायला लाज वाटत नाही, हे मी तेव्हा अनुभवलं, त्यामागचं कारण कळायला पुढं फार वर्षं गेली.

1993 साली मी नववीत होते. कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचं घर, दारात दोन म्हशी. आम्ही तीन बहिणी आणि त्या वर्षी दिवाळीच्या आसपास भाऊ झाला. गल्लीत पेढे वाटले, आत्या लोक येऊन गेले, आणि आई मात्र रडायची. बाळाला पाजताना रडायची, भाकरी थापताना रडायची, नंतर नंतर रडायचीही बंद झाली, नुसती भिंतीकडं बघत बसायची. तीन मुलींवर मुलगा झालाय आणि रडतेस कशाला, हे तिला किती जणींनी ऐकवलं असेल त्याचा हिशोब नाही. मग कोण म्हणालं बाहेरचं झालंय, कोण म्हणालं दृष्ट लागली, लिंबं झाली, अंगारा झाला, एका ठिकाणी नेऊन आणली तिथं केस धरून हलवलं तिला, मी दारात उभी होते. ते मला अजून लिहितानाही त्रास होतो म्हणून एवढंच. पहाटे चारला म्हशीची धार माझ्यावर आली, त्यामुळं मी वर्गात झोपायची, सहामाहीला गणितात नापास झाले आणि एक दिवस चक्कर आली म्हणून माझी रवानगी शिवणवर्गात झाली.

पांढरी बटणं निम्मी वेगळी झाली तोवर मी बाईंना सगळं सांगून टाकलं होतं.

त्या रविवारी बाई घरी आल्या, आईचा ब्लाउज शिवायचाय, माप घ्यायला आले म्हणून. टेप लावून दंडाचं माप घेतलं, मग गळ्याचं घेताना थांबल्या. म्हणाल्या, वहिनी, दंड एवढा वाळलाय आणि गळ्याशी ही फुगी कसली? आम्ही सगळे रोज तिच्यासमोर जेवत होतो, पण ती फुगी कुणाला दिसली नव्हती. बाईंनीच पप्पांना बसवून सांगितलं की देवाधर्माचं तुमचं तुम्ही बघा, पण आधी लेडी डॉक्टरला दाखवा आणि रक्त तपासा. तपासलं तर थायरॉइड निघाला, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचा आजार. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतो आणि त्यात बाई कधी सुस्त, उदास तर कधी नुसती धडधडत राहते हे आज काउन्सेलर म्हणून मी नवीन आयांना समजावून सांगते, पण 1993 ला आमच्या गल्लीत हा शब्द कुणाला माहीत नव्हता. गोळी सुरू झाली. पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत, पुढं चार-पाच महिने दर रविवारी यायच्या, कधी बाही सैल करायला, कधी हुक लावायला, आणि आई त्यांच्याशी बोलायची. धारेचं काम चुलत्यांकडं गेलं तेही बाईंच्याच बोलण्यानं. आई बरी झाली. त्यात गोळीचा वाटा किती, झोपेचा किती आणि त्या रविवारांचा किती हे मला आजही वेगळं करून सांगता येणार नाही, आणि करूही नये असं माझं मत आहे.

मी सायकॉलॉजी घेतलं ते असं. घरच्यांना वाटायचं वेड्यांच्या डॉक्टरचा कोर्स असतो तो, मग लग्न कसं जमणार. बीए झालं, लग्न झालं, दोन मुलं झाली, धाकटी बालवाडीत गेल्यावर एमएला बसले आणि मग काउन्सेलिंगच्या डिप्लोमाला पुण्याला जाऊन येऊन करायचे. तिथं मी सवयीनं "मी जेवलो", "मी येतो आता" म्हणाले की मुली हसायच्या, कोल्हापुरात बायका असंच बोलतात हे त्यांना पटायचं नाही. मी वर्षभर जीभ आवरून "जेवले, येते" केलं. परत आल्यावर मात्र लक्षात आलं की समोर बसलेली बाई "मी लई कंटाळलो बघा आता" म्हणते तेव्हा मी पण "का ओ, काय झालंय, मी ऐकतो की" म्हणाले तरच ती खुर्चीत मागं टेकून बसते. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

पहिली नोकरी एका शाळेत काउन्सेलर म्हणून, तिथं सर सुट्टीवर असले की मला ऑफ पिरियड घ्यायला पाठवायचे, त्याबद्दल फार लिहीत नाही. मग कौटुंबिक सल्ला केंद्रात काही वर्षं आणि आता राजारामपुरीत माझी एक खोली आहे.

माझी एक चूक इथं लिहायलाच पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत चाळिशीच्या एक ताई यायच्या, छातीत धडधड, दम लागतो, घाबरल्यासारखं होतं. मी नुकतीच शिकून आलेली, अँक्झायटी म्हणून श्वासाचे व्यायाम दिले, डायरी लिहायला लावली, विचार बदलायचे तक्ते दिले. पाच सेशन झाले. सहाव्याला त्या आल्याच नाहीत, जिन्यात चक्कर येऊन पडल्या होत्या, हिमोग्लोबिन निघालं 6.4. बाईला 12 च्या पुढं पाहिजे. मासिक पाळीत दोन-दोन आठवडे रक्त जात होतं आणि ते मी विचारलंच नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं कारण बाईमाणसाला ते सांगण्यासारखं वाटत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. जेवलीस का, झोपलीस का, हे शिवणाच्या बाई आधी विचारायच्या आणि मी डिप्लोमा घेऊन ते विसरले होते.

त्यानंतर मी पद्धत बदलली. पहिल्या भेटीत मनाचं काही विचारायच्या आधी मी खाणं, झोप, पाळी, बाळंतपणं, कुठल्या गोळ्या चालू आहेत हे विचारते, रक्त वर्षभरात तपासलं नसेल तर आधी तपासून आणा म्हणते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघालाय, म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या दोघींपैकी एकीला तो असणारच असं धरून चालावं लागतं. चाळिशीनंतर पाळी मागंपुढं व्हायला लागली की झोप उडते, चिडचिड होते, घरचे म्हणतात ही आजकाल फाडकन बोलते. बाळंतिणीचं वेगळं, पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप जातं, दोन आठवड्यांच्या पुढं गेलं तर मात्र थांबायचं नाही. त्यासाठी एडिंबरा नावाची दहा प्रश्नांची यादी आहे, 1987 पासून जगभर वापरतात, शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का असा आहे. तो विचारताना मी अजूनही डोळ्यात बघत नाही, माझ्या हातातपण बटणं असतात.

हो, तसाच डबा माझ्या टेबलावर आहे. आलेली बाई पाच मिनिटांत त्यात हात घालते, मी काही सांगत नाही.

शरीर झालं की घर. पैसे कुणाच्या हातात, मायक्रोफायनान्सचा हप्ता आठवड्याचा आहे का महिन्याचा, माहेर किती लांब, तुमच्याशी गोड बोलणारं कोण आहे. हुपरीच्या एक काकू चांदीचं काम घरात बसून करायच्या, मान-खांदा धरलेला, डोळे गेलेले, नवरा वारल्यावर कुंकू गेलं आणि हळदीकुंकवाचं बोलावणं पण गेलं, त्यांना डिप्रेशन आहे एवढं लिहून माझं काम संपत नाही. आपल्या जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं 2022 च्या मे महिन्यात ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्यानंतर सरकारनं राज्यभरातल्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितलं. माझ्या दृष्टीनं तो ठराव शंभर सेशनच्या बरोबरीचा आहे. त्या काकूंना मी तो वाचून दाखवला, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

2019 च्या पुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेलं, धोका पातळी 43 आहे. आम्ही काही जणी छावणीत जायचो. तिथं मन मोकळं करा म्हणून कुणी मोकळं करत नाही, बायकांना आधी पाहिजे होते सॅनिटरी पॅड, आडोसा आणि जनावरांचा पत्ता. ते मिळाल्यावर रात्री बोलायच्या. पुढं दोन वर्षांनी 2021 ला परत पाणी आलं, आणि आजही जुलैत पाऊस लागला की मला फोन येतात, मॅडम, बंधाऱ्याची पातळी किती झाली ओ, झोप येईना.

एक गोष्ट स्पष्ट करते कारण लोक गोंधळ करतात. मी डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही. आवाज ऐकू येणं, संशय, टोकाची उदासी, जीव द्यायचे विचार असं असेल तर मी सायकियाट्रिस्टकडं पाठवते, सोबत जाते, आणि गोळ्यांची सवय लागते म्हणून घरचे बंद करायला लावतात तेव्हा त्यांच्याशी भांडतेही. जीव द्यायचा प्रयत्न झाला की घरातले पोलीस केसच्या भीतीनं दडवून ठेवतात, पण 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 2018 च्या मेपासून लागू आहे आणि तो सांगतो की अशी व्यक्ती प्रचंड ताणात होती असंच आधी धरायचं, तिला शिक्षा नाही तर उपचार द्यायचे. आणि रात्री-अपरात्री कुणाला काही लागलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मोबाइलमध्ये आत्ताच सेव्ह करा.

शिवणाच्या बाई आता नाहीत. मी काउन्सेलर झाल्याचं सांगायला गेले होते तेव्हा त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, शेजारच्यांनी मोठ्यानं सांगितलं, तर म्हणाल्या, म्हणजे काय करतेस? मी म्हटलं, बाई, तुम्ही करायचा तेच. त्या म्हणाल्या, मी तर काजं शिकवायचे.

हेडसरांशी बोलून एक ठरलंय ते सांगून थांबते. जूनपासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊ ते अकरा मी शाळेत बसणार आहे, जुन्या शिवणवर्गातच, सामान हलवून देतो म्हणालेत. मुली तर याच, पण आयांना, आज्यांना, मोठ्या बहिणींना पाठवा. फी नाही, नाव लिहून घेणार नाही. ऑफिससमोरून यायला नको वाटत असेल तर मागच्या फाटकातनं या, जिन्याच्या बाजूचं दार उघडं असेल.