तुम्ही विचारलेत म्हणून: ती मोटर मी घरी का उघडली

डेट्रॉइटच्या उपनगरात आमच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाला मी माझी 1990 सालची कॉर्व्हेट, म्हणजे शेव्हरोलेची स्पोर्ट्स गाडी, घेऊन गेले की वाहनतळावर चार-दोन जण हमखास थांबतात. मुले दिवे वर करून दाखवायचा आग्रह धरतात आणि मोठी माणसे दर वर्षी एकच प्रश्न विचारतात: "ताई, ही दिव्याची मोटर तुम्ही म्हणे घरी उघडून दुरुस्त केलीत. नवी का नाही बसवली?" उभ्या-उभ्या याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते आता सविस्तर लिहिते आहे.

आधी हे दिवे कसे असतात ते सांगते. दिवे लागलेले नसताना ते बॉनेटच्या रेषेत लपलेले असतात आणि बटण दाबले की उघडतात. कॉर्व्हेटने ही पद्धत 1963 साली स्वीकारली आणि 2004 सालच्या गाडीपर्यंत ती टिकवली. 1968 पासून 1982 पर्यंतच्या गाड्यांत दिवे उचलण्याचे काम इंजिन हवा ओढून घेताना तयार होणाऱ्या निर्वात दाबावर चालत असे. 1984 साली आलेल्या पिढीत प्रत्येक दिव्यामागे स्वतंत्र विजेची मोटर होती आणि दिवा आडव्या अक्षाभोवती उलटा होऊन बाहेर येत असे. या खटाटोपामागे केवळ हौस नव्हती. अमेरिकेत अनेक दशके ठरावीक आकाराचे, काच आणि आतला दिवा एकत्र सीलबंद केलेले दिवेच वापरण्याची सक्ती होती आणि रस्त्यापासूनच्या त्यांच्या किमान उंचीचाही नियम होता. नाक जमिनीला टेकल्यासारखे बुटके ठेवायचे आणि तो मोठा दिवाही उंचावर बसवायचा, या दोन्ही गोष्टी एकत्र साधायच्या तर दिवा लपवून ठेवणे आणि लागेल तेव्हा वर आणणे हा सरळ मार्ग होता. दिव्याच्या आकाराची सक्ती 1983 साली सैल झाली, तरीही या गाडीने आपले मिटणारे डोळे पुढे वीस वर्षे सोडले नाहीत, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता बिघाडाकडे येते. गाडी घेतल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात डावा दिवा उजव्याच्या मागे पडू लागला. आधी तो किंचित उशिरा उघडे. नंतर पूर्ण उघडल्यावरही त्याची मोटर चार-पाच सेकंद घरघरत राही, आणि एके संध्याकाळी मोटर फिरली पण दिवा अर्ध्यावरच अडकला. ज्या गॅरेजात मी गाडी नेली, तेथे त्यांनी बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि मोटर गेली, दोन्ही बाजूंच्या नव्या घ्या, असे सांगितले. त्यांनी ती उघडून पाहिली नाही, आणि नेमकी तीच गोष्ट मला खटकली.

खटकण्याचे कारण इचलकरंजीत आहे. तेथे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, मोटर रिवाइंडिंगचे, म्हणजे जळलेल्या मोटरीतली तारेची वेटोळी (कॉइल) नव्याने गुंडाळून देण्याचे दुकान होते. यंत्रमागांच्या आणि विहिरींवरच्या पंपांच्या मोटरी येत, आणि आणणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणे, की मोटर जळली. अण्णा प्रथम मोटरीला नाक लावत, कारण जळलेल्या वार्निशचा वास लपत नाही, आणि मग हाताने शाफ्ट फिरवून पाहत. "आवाज येतोय ना, मग कॉइल जिवंत आहे. पुढं काय तुटलंय ते बघ," असे ते मला शेकडो वेळा म्हणाले असतील. माझ्या गाडीची मोटर तर चांगली खणखणीत फिरत होती आणि तिला जळका वासही नव्हता. त्यामुळे दोष मोटरीत नसून मोटर आणि दिवा यांच्या मधल्या जोडणीत असणार, हे मला गॅरेजच्या दारातच जवळजवळ पक्के वाटले.

या मोटरीची रचना समजून घेतली की पुढचे सगळे आपोआप उलगडते. मोटरीच्या शाफ्टवर वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आटा असतो आणि तो एका प्लास्टिकच्या गोल गिअरला फिरवतो. वर्म गिअरला फिरवू शकतो, पण गिअर वर्मला उलटा फिरवू शकत नाही. म्हणूनच वीज बंद असतानाही भर वेगात वाऱ्याच्या दाबाने दिवा मागे ढकलला जात नाही. मात्र हा गिअर दिव्याच्या शाफ्टला थेट जोडलेला नसतो. गिअरच्या पोटात खाचा असतात, शाफ्टच्या चकतीला पाकळ्या असतात, आणि या दोहोंच्या मध्ये नायलॉनसारख्या प्लास्टिकचे तीन छोटे बुश बसवलेले असतात. सगळी शक्ती या तीन तुकड्यांतूनच दिव्यापर्यंत पोहोचते. दिवा शेवटच्या टोकाला जाऊन थडकतो, तेव्हा बसणारा धक्काही तेच आपल्या अंगावर घेतात, म्हणजे तो धक्का गिअरच्या दातांपर्यंत जात नाही. दिवा टोकाला अडला की मोटरीचा विद्युतप्रवाह वाढतो आणि त्यावरून तिचा नियंत्रक वीज तोडतो. पण बुशच भुगा होऊन गेले असतील, तर मोटरीला अडल्याचा जोर जाणवतच नाही आणि ती रिकामी घरघरत राहते. जो आवाज गॅरेजवाल्याला मोटर मेल्याची खूण वाटला, तो प्रत्यक्षात मोटर धडधाकट असल्याचा पुरावा होता.

विहिरीवरच्या जोडपंपांमध्ये मोटर आणि पंप यांच्या मध्ये जे कपलिंग असते, त्यातला रबर आठवा. तो झिजतो, तुटतो आणि शेतकरी तो बदलतो. रबर फाटला म्हणून नवा पंप कोणी घेत नाही. माझ्या गाडीतले ते तीन बुश म्हणजे त्याच रबराचे अमेरिकन भावंड आहे.

एका शनिवारी सकाळी मी काम सुरू केले. घरी हे करू पाहणाऱ्याने सर्वांत आधी एक गोष्ट पाळावी: बॅटरीची ऋण तार सोडवल्याशिवाय दिव्याच्या खाचेत बोट घालू नये. ही मोटर छोटी दिसली, तरी वर्ममुळे तिचा जोर फार मोठा असतो आणि दिवा कधी हलेल याची खात्री नसते. मोटरीवर हाताने फिरवायची एक मूठ असते. अडकलेला दिवा तिने सावकाश वर आणता येतो. फेऱ्या बऱ्याच माराव्या लागतात, पण बळ लावावे लागत नाही. त्यानंतर मी विजेचा जोड सोडवला, मोटर ज्या स्थितीत बसली होती तिच्यावर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या, बोल्ट काढले आणि मोटर स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून ठेवली.

झाकण जुन्या सीलमुळे घट्ट चिकटले होते. पातळ पात्याने कडेकडेने सैल करत गेल्यावर ते उघडले, आणि आत काकवीसारखे तपकिरी झालेले ग्रीस आणि त्यात रुतलेले पिवळसर कण दिसले. तीन बुशांपैकी एकाचाही आकार उरला नव्हता. सत्तावीस वर्षांच्या उष्णतेने ते इतके ठिसूळ झाले होते, की सर्वांत मोठा तुकडा मी चिमटीत धरला तर त्याचीही बोटांवर पूड झाली. मला त्या क्षणी वाईट वाटले नाही. उलट, ज्या कामासाठी ते बनवले होते ते त्यांनी पूर्ण केले होते, कारण गिअरचे सगळे दात शाबूत होते.

सफाईला सर्वांत जास्त वेळ लागला, जवळजवळ दोन तास, आणि तो वाचवू नये असे मी प्रत्येकाला सांगते. बुशाचा एक कण जरी वर्मच्या आट्यात राहिला, तरी तो नव्या ग्रीसबरोबर फिरून दात कुरतडतो. दात घासायचा जुना ब्रश, दातकोरण्या आणि जुन्या सुती साडीचे तुकडे एवढ्यावर ते काम झाले. ब्रेक साफ करायचा जोरकस फवारा मात्र प्लास्टिकच्या गिअरवर मारू नये. त्यातली काही द्रावणे प्लास्टिकला तडे पाडतात.

नवे बुश डेलरिनचे मिळतात. हे प्लास्टिक नायलॉनपेक्षा ओलावा कमी शोषते आणि त्याचा आकार टिकतो. तिन्हींची किंमत मिळून एका साध्या जेवणाइतकी होती, आणि नवी मोटर त्याच्या अनेकपट महाग पडली असती. ते खाचांत बसवताना किंचित दाबावे लागले, आणि तसेच लागायला हवे, कारण सैल बसणारा बुश पहिल्याच धक्क्याला फिरतो. त्यावर प्लास्टिकला चालणारे पांढरे ग्रीस पातळ लावले आणि झाकण बंद करण्यापूर्वी ओट्यावरच 12 व्होल्टच्या बॅटरीला फ्यूजमधून मोटर जोडून पाहिली. तारा उलटसुलट केल्या की ती दोन्ही दिशांना फिरली, आणि या वेळी शाफ्ट तिच्याबरोबरच हलला. मग झाकणाच्या कडेला सिलिकोन सील लावून ते बंद केले. मिशिगनमध्ये पावसाइतकीच भीती हिवाळ्यातल्या रस्त्यांवरच्या मिठाची असते. माझी गाडी नोव्हेंबर ते एप्रिल आच्छादनाखाली उभी असते, तरी सीलमध्ये मी हयगय केली नाही.

उजवी मोटर अजून चालत होती, तरी पुढच्या शनिवारी मी तीही उघडली. तिच्यातले दोन बुश फुटले होते आणि तिसरा कसाबसा उभा होता, म्हणजे तीही फार दिवस टिकली नसती. दोन्ही बाजू नव्या असाव्यात हे त्या गॅरेजवाल्याचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर होते, हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फक्त नवे काय घ्यायचे, यावर आमचा मतभेद होता.

काम संपल्यावर मी अण्णांना इचलकरंजीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गाडीसमोर धरला. त्यांचे वय तेव्हा एक्याऐंशी होते आणि ऐकू कमी येत होते, म्हणून मी दिवे तीनदा उघडून मिटून दाखवले. तिसऱ्यांदा मिटल्यावर त्यांनी मला फोन मोटरीजवळ न्यायला सांगितले, आवाज लगेच थांबतो का ते कान लावून ऐकले आणि विचारले, "जुने बुश फेकले नाहीस ना? मला बघायचेत." पुढच्या भेटीत मी तो भुगा एका छोट्या डबीत घालून त्यांना नेऊन दिला.